फ्यूज वायरिंगला राखतो, माणसाला कोण राखणार?



या पानावर एरवी आपण बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी, खताच्या मात्रा असे विषय घेतो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पहिला विषय श्रद्धांजलीचा असतो. वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावे वाचली जातात, आपण दोन मिनिटे उभे राहतो. पिकले पान गळायचेच, त्याला इलाज नाही. पण त्या यादीत एखाद्या तरण्या माणसाच्या नावापुढे ‘शॉक लागून’ असे शब्द आले की मन चरकते. कारण हे मरण बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते.

दुसरे कारण माझ्या स्वतःच्या घरातले आहे. ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

आमच्या घरी काय घडले

सन २०१९ मधली गोष्ट. आषाढाचे दिवस, चार दिवस पावसाची झड लागलेली. आमचे गावाकडचे घर जुने. पुढच्या सोप्यावर पत्रा आहे. पत्र्याच्या लोखंडी अँगलला एक तार बांधलेली, तिच्यावर कपडे वाळत घालायचे. सोप्यातल्या दिव्याची वायर पत्र्याच्या भोकातून आत घेतली होती. वाऱ्याने पत्रा हलून हलून वायरचे वरचे प्लॅस्टिक घासून गेले आणि आतली तांब्याची तार पत्र्याला टेकली. सारा पत्रा, अँगल आणि कपड्यांची तार, सगळ्यात वीज उतरली. कोणालाच पत्ता नाही.

सकाळी आई ओले लुगडे घेऊन तारेपाशी गेली. हात लावताच ती फेकल्यासारखी मागे पडली. खाली शेवाळ होते, पाय घसरला आणि पडताना हात सुटला, म्हणून ती वाचली. हात चिकटून राहिला असता तर हा लेख लिहायला मी धजावलो नसतो.

मी पळत जाऊन मेन स्विच पाडला. फ्यूज काढून पाहिला तर तो शाबूत! त्याच्यात फ्यूजची बारीक तार नव्हतीच. वायरच्या तीन पदरांचा पीळ घातलेला होता. तो पीळ महिन्यापूर्वी मीच घातला होता. मिक्सर लावला की फ्यूज जातोय, म्हणून घाईत केलेले काम. गावोगाव सभा घेऊन ‘शिफारशीप्रमाणे मात्रा द्या’ म्हणून सांगणारा मी, आणि घरच्या फ्यूजमध्ये हा प्रकार!

गावातल्या जुन्या वायरमनला बोलावले. मी कबुली दिली, की तात्या, फ्यूजचा घोटाळा माझाच. तो म्हणाला, “साहेब, घोटाळा तुमचा हाय हे खरं. पण बरोबर तार असती तरी फ्यूज गेला नसता. मावशींच्या अंगातनं गेली तेवढ्या विजेनं फ्यूज गरम बी होत न्हाई.”

हे ऐकून मी चकित झालो. मनाशी हिशेब मांडला तेव्हा त्याचे म्हणणे पटले. तोच हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

हिशेब सोपा आहे

घरातली वीज २३० व्होल्टची. माणूस अनवाणी, ओल्या जमिनीवर, ओल्या हाताचा असेल तर त्याच्या शरीराचा अवरोध साधारण १,००० ओहम धरतात. २३० ला १,००० ने भागले की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. एवढा प्रवाह त्याच्या अंगातून जाईल. (एक अँपिअर म्हणजे १,००० मिलिअँपिअर.)

आता फ्यूज पाहा. घरातला लहानात लहान फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअरचा. आपल्या अंगातून जाणारा प्रवाह त्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. फ्यूजच्या दृष्टीने तो साधा दिवा लागल्यासारखा आहे. ६० वॅटचा जुना बल्ब २६० मिलिअँपिअर घेतो. बल्ब लावल्यावर फ्यूज कधी जातो काय? मग माणूस चिकटल्यावर तो का जावा?

आणि माणसाला मारायला किती लागते?

— १ मिलिअँपिअरच्या आसपास : मुंग्या आल्यासारखे वाटते.
— १० ते १५ मिलिअँपिअर : हाताचे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही. आपण ‘चिकटला’ म्हणतो तो हाच प्रकार.
— ३० मिलिअँपिअरच्या पुढे : छातीचे स्नायू आखडून श्वास कोंडू लागतो.
— ५० मिलिअँपिअरच्या पुढे, सेकंदभर किंवा जास्त : हृदयाचे ठोके बिघडून ते नुसते थरथरत राहण्याचा धोका. रक्त पुढे ढकलले जात नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी या विषयावर प्रयोग केले. हातातली वस्तू सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी १०.५ मिलिअँपिअर आढळली. म्हणजे घरात पाणी, ओले कपडे, चूल-गिझर यांच्याशी दिवसभर ज्यांचा संबंध येतो त्या आपल्या माय-बहिणींना धोका अधिकच.

थोडक्यात, माणूस ५० मिलिअँपिअरला जाऊ शकतो आणि फ्यूज ५,००० च्या पुढे विचार करतो. फ्यूज काय किंवा त्याच्या जागी आलेला एमसीबी काय, दोघे वायर जळू नये आणि घराला आग लागू नये म्हणून आहेत. ते हवेतच. पण माणसाची राखण त्यांच्याकडून होत नाही.

अर्थिंग केले की झाले, असे नाही

‘आमच्याकडे अर्थिंग आहे’ असे कोणी म्हणेल. चांगले आहे, पण ते कसे आहे? आमच्या घरी अर्थिंगची तार मीटरपेटीतून निघून भिंतीतल्या एका खिळ्याला गुंडाळलेली होती. जमिनीचा आणि तिचा संबंधच नव्हता.

चांगल्या अर्थिंगची रीत अशी. साधारण ४० मि.मी. व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, किंवा ६० × ६० सें.मी. ची प्लेट, घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर दूर, ओल टिकेल अशा जागी पुरायची. भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे. वर पाणी घालायला नरसाळे ठेवायचे आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घालायचे. उसाला पाण्याची पाळी चुकवत नाही, तशी हीही चुकवू नये.

आता त्याचाही हिशेब करू. अर्थिंगचा अवरोध २० ओहम असेल आणि फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरला, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही. जमीन सुकली आणि अवरोध १०० ओहमवर गेला तर प्रवाह जेमतेम २.३ अँपिअर. पाचाचा फ्यूजही जाणार नाही. फ्रिजचा पत्रा तसाच जिवंत राहील आणि कोणाच्या तरी हाताची वाट पाहील. म्हणून अर्थिंगच्या जोडीला आणखी एक राखणदार लागतो.

तो राखणदार : आरसीसीबी

या यंत्राचे नाव आरसीसीबी. दुकानात अजूनही पुष्कळ जण ‘ईएलसीबी’ म्हणतात. आपण आरसीसीबीच मागावा. दिसायला एमसीबीसारखाच, थोडा रुंद, आणि त्याच्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले लहान बटण असते. ते बटण हीच त्याची ओळख.

त्याचे काम आपल्या केनयार्डच्या उदाहरणाने सांगतो. सकाळी उसाच्या शंभर गाड्या गेटमधून आत गेल्या, तर संध्याकाळपर्यंत शंभर रिकाम्या गाड्या त्याच गेटने बाहेर आल्या पाहिजेत. वॉचमन दोन्ही मोजतो. नव्व्याण्णवच परत आल्या तर एक गाडी आडवाटेने कुठेतरी गेली. आरसीसीबी असाच वॉचमन आहे. फेजच्या तारेने जेवढी वीज घरात गेली तेवढीच न्यूट्रलने परत यायला पाहिजे. दोन्ही तारा त्याच्यातल्या एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर कड्यात काही घडत नाही. थोडी वीज माणसाच्या अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत गेली, की तोल बिघडतो, कड्यावरच्या गुंडाळीत प्रवाह तयार होतो आणि यंत्र खट्‌दिशी पडते.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३० ला पोचताच ०.३ सेकंदाच्या आत पडला पाहिजे, असे मानक आहे. गळती पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअर झाली तर ०.०४ सेकंदाच्या आत. वर आपण २३० चा हिशेब केला. तेव्हा आईच्या हाताला झटका बसला असता, पण हृदयाच्या एका ठोक्याला लागणाऱ्या वेळेच्या विसाव्या हिश्शात वीज बंद झाली असती.

असे यंत्र डॅल्झील यांनी १९६१ मध्येच तयार केले होते. आपल्याकडेही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीच्या गळतीसाठी ३० मिलिअँपिअर हीच मर्यादा दिलेली होती.

घेताना आणि बसवताना

१. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. १०० किंवा ३०० चे मुख्यतः आग टाळण्यासाठी असतात, माणसासाठी ते पुरे पडत नाहीत.
२. आयएसआय छाप आणि ‘आयएस १२६४०’ हा क्रमांक पाहून, पक्क्या पावतीने घ्या.
३. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा लागतो. विहिरीच्या मोटारीसाठी कोणता बसवायचा हे परवानाधारक ठेकेदाराकडून ठरवून घ्या.
४. आरसीसीबीला जादा भार किंवा शॉर्ट सर्किट कळत नाही. म्हणून सोबत एमसीबी हवाच.
५. अर्थिंग असेल तर यंत्रात फेज उतरताच, कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर माणसाचा हात लागल्यावर पडतो. म्हणून दोन्ही हवीत.
६. दर महिन्याला टेस्टचे बटण दाबा. अमावास्येला आपण गाडीला, मोटारीला नारळ फोडतो. त्याच दिवशी हे बटण दाबायची सवय लावा. यंत्र पडले नाही तर ते निकामी समजा आणि बदला. बटणाने फक्त यंत्राची परीक्षा होते, अर्थिंगची नाही. अर्थिंग वर्षातून एकदा वायरमनकडून मोजून घ्या.

खर्च म्हणाल तर साधा दोन पोलचा आरसीसीबी साधारण एका टन उसाच्या बिलात बसतो. एक टन म्हणजे आपल्या फडातल्या किती सऱ्या, हे आपणच मोजा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीला तो माणूस दिव्यासारखाच दिसतो. गाड्या गेल्या तेवढ्या परत आल्या, मग वॉचमन काय करणार? यंत्र आहे म्हणून चालू वायरिंगशी खेळू नये.

‘सारखा पडतोय, काढून टाका’

हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकले. पावसाळ्यात आरसीसीबी पडू लागला की लोक वायरमनला सांगून तो डायरेक्ट करून घेतात. कुत्रा रात्री भुंकतो म्हणून त्याला हाकलण्यासारखे हे आहे. चोर कुठे आहे ते आधी पाहावे.

शोध असा घ्या. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पडेल त्या भागात गळती. नंतर एकेक वस्तू लावून पाहा. बहुधा गिझर, पाण्याची मोटार, जुनी इस्त्री किंवा ओल धरलेल्या भिंतीतला बोर्ड सापडतो. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे, वायरमनला बोलवा.

आणखी एक कारण आपल्याकडे नेहमीचे. न्यूट्रल गेला किंवा नीट नसला की काही जण अर्थिंगच्या तारेवर दिवे चालवतात. आरसीसीबी हे चालू देत नाही, आणि देत नाही हेच बरे. असे दिवे चालू असताना अर्थिंगची तार कुठे तुटली, तर घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यात वीज उतरते. शेजाऱ्याचा न्यूट्रल जोडून घेणे हाही तसाच प्रकार.

घरात फिरून पाहण्याच्या गोष्टी

— सॉकेटमध्ये वायरची उघडी टोके घालून काडी खोचणे बंद करा. तीन पिनांचाच प्लग वापरा. त्यातली जाड-लांब पिन अर्थिंगची. ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून मुद्दाम लांब केलेली असते. ती तोडून टाकू नका.
— दिव्याचे बटण फेजवर आहे ना, हे तपासून घ्या. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही होल्डर जिवंत राहतो.
— पाणी तापवायची हीटरची कांडी : आधी पाण्यात घाला, मग बटण चालू करा. पाणी तापले का हे पाहायला हात घालायचा तर आधी बटण बंद करून प्लग काढा. लोखंडी बादली वापरू नका.
— लोखंडी कूलर : पाणी भरताना प्लग काढा. पायात चप्पल हवी.
— कपडे वाळत घालायला तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधा. दोरी विजेच्या खांबाला, ताणाला किंवा पत्र्याच्या अँगलला बांधू नका.
— पत्र्यातून किंवा भिंतीतून वायर घेताना प्लॅस्टिकच्या नळीतूनच घ्या.
— गोठा : कडबाकुट्टीच्या सांगाड्याला अर्थिंग हवेच. गुरांचे चारी पाय ओल्या जमिनीवर असतात आणि माणसाला कळणार नाही अशा गळतीनेही ती दगावू शकतात. म्हैस एकाएकी गव्हाणीजवळ जायला बिचकू लागली तर आधी वीज तपासा.
— लग्नाचा मांडव, गणपतीची रोषणाई : लोखंडी खांबाला वायर बांधू नका, जोड जमिनीवर पडू देऊ नका.
— मोटारीला ऑटो स्विच असेल तर वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. दुरुस्तीला हात घालण्याआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवा. ‘लाइट गेलीय’ यावर विसंबू नका.

कोणी चिकटलाच तर

त्याला हात लावू नका. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो. आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा कोरड्या वेळूच्या काठीने वायर बाजूला करा. ओला ऊस, ओली काठी चालणार नाही. ही रीत घरातल्या विजेपुरतीच. मोठ्या लाइनची तार पडली असेल तर जवळ जाऊ नका, वीज कंपनीला १९१२ वर फोन करून लाइन बंद करायला लावा.

माणूस सुटला, पण बेशुद्ध आहे आणि श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सें.मी. खोल दाबायचे. अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचे नाही. कांदा हुंगवणे, वाळूत पुरणे यात वेळ घालवू नका. आणि शॉक लागलेला माणूस उठून बसला तरी त्याला डॉक्टरला दाखवाच.

शेवटी

आमच्या घरी त्याच आठवड्यात अर्थिंग नवे केले आणि आरसीसीबी बसवला. दोन वर्षांनी पावसाळ्यात एका रात्री तो पडला. शोधले तेव्हा परसातल्या मोटारीची वायर उंदराने कुरतडलेली सापडली. सकाळी मोटार लावायला आईच जाणार होती. आता दर महिन्याला ते बटण ती स्वतः दाबते आणि मला फोनवर सांगते, “पडला बाबा तुझा वॉचमन, काळजी करू नको.”

बंधू-भगिनींनो, उसाचे बिल हाती आले की सोसायटीचा हप्ता, खत, पोराबाळांच्या फी असे खर्च आ वासून उभे असतात, हे मी जाणतो. त्या यादीत हा एक खर्च वरच्या बाजूला लिहा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. आणि आज हे पान वाचून झाल्यावर एवढेच करा. टॉर्च घेऊन मीटरपेटीजवळ जा, मेन स्विच पाडा, फ्यूज काढून पाहा आणि अर्थिंगची तार कुठे जाते ते शोधा. फ्यूजमध्ये पीळ असेल, तार खिळ्याला असेल, तर लाजू नका. माझ्या घरीही तेच होते. फक्त उद्यावर टाकू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी